आबांचं तोंड

"बास करा ते सोंग! उठल्या उठल्या आबांचं तोंड काढून बसलाय, लाज न्हाई वाटत?"

बायको ओरडत होती आणि हातातलं उलथनं तिनं माझ्यावर रोखलं होतं. मी चुलीसमोर पाटावर बसून चहा पीत होतो. म्हणजे पीत होतो असा माझा समज होता. चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून बंडीवर असा उतरत होता, की मुळा धरणाचे दरवाजेसुद्धा इतक्या मोकळेपणी कधी उघडले नसतील.

"अगं पुरे, मी काही करत नाही," असं मी म्हणालो. त्यातला 'प' ओठात फुटला आणि 'म' नाकातून गेला.

"बघा! आवाजबी त्यांचाच!"

आबा म्हणजे माझे चुलते. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी तोंड वाकडं झालं, दुपारी हात पडला, दिवस मावळेपर्यंत पाय गेला. जगले, पण तेव्हापासून बाजेवरच आहेत. आणि मी, घोडेगावच्या बाजारातला जनावरांचा दलाल, जिल्ह्यातला एक नंबरचा थापाड्या (ही पदवी माझी मीच घेतलीय), त्यांची नक्कल करायचो. डावा गाल लोंबता सोडायचा, डाव्या ओठातून लाळ ओढायची आणि म्हणायचं, "आरं, च्याऽऽ दे." डावा डोळा फाडून ठेवायचो ती भर माझ्या पदरची, आबांचा डोळा धडधाकट होता. त्यावर शंभर माणसं हसायची. मी पाचशे सांगतो.

आरशापाशी गेलो. आरशात मी नक्कल थांबवली. नक्कल थांबेना.

खरं तर आदल्या दिवशीच खुणा झाल्या होत्या. डाव्या कानामागं ठणका होता. म्हटलं, टेम्पोच्या खिडकीचं वारं लागलं. कालवणाला चव नव्हती. म्हटलं, बायकोनं मीठ टाकलं नाही, आणि त्यावरून घर डोक्यावर घेतलं. गोठ्यात बादली आपटली तर त्या कानात तोफ उडाली. पण माझ्यासारख्या वाढवून बोलणाऱ्या माणसाची पंचाईत अशी, की खरंच काही मोठं झालं तरी ते आपणच वाढवलंय असं वाटतं.

बायकोला म्हणालो, सोंगच होतं. टॉवेल तोंडाला गुंडाळला आणि बाजाराला निघालो. दवाखान्यात का गेलो नाही? कारण 'वारं गेलं' हे शब्द उच्चारले तर ते खरे होतील. शिवाय आबांचा हात दुपारी पडला होता. माझ्या हिशेबानं मला दुपारपर्यंत मुदत होती. मोटारसायकलवर सगळा रस्ता मी डाव्या हाताकडं बघत होतो, जणू तो दुसऱ्याचा आहे आणि कधीही उतरून जाईल. धुळीनं डावा डोळा भरला. मिटायला गेलो, मिटला नाही.

बाजारात टॉवेल सोडला आणि हशा फुटला.

"आलं आलं, आबा आलं!"

"च्या पाजा रं आबाला!"

"खरंच झालंय," मी म्हणालो. लाळ गळाली. लोक गुडघ्यावर हात मारून हसले. एकजण नेहमीसारखा मोबाईल काढून शूटिंग करायला लागला. आयुष्यात माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि इतका मी कधी भ्यायलोही नव्हतो. तेवढ्यात एक म्हैस माझ्याकडं बघून मागं सरली. ही थाप नाही.

हसला नाही तो एकटा माझा भागीदार. म्हातारा, जन्मभर जनावरांच्या तोंडात हात घालून वय सांगत आलेला. तो पुढं आला, माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली.

"कपाळाला आठ्या घाल."

उजव्या बाजूला पडल्या. डावी बाजू सारवलेल्या भिंतीसारखी.

"शीळ घाल."

नुसती फुस्स झाली. त्यानं माझ्या डोळ्यात फुंकर मारली.

"पापनी पडंना," तो म्हणाला. "बैल असतास तर दावनीवरनंच परत धाडला असता."

मग त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, सौद्याला टाकतो तसा आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. त्या रुमालाखाली आमच्या बाजारात बोटांनी बोली लागते. वर चेहरे कोरे ठेवायचे. माझा अर्धा कोराच होता. त्यानं माझ्या डाव्या हातात आपली बोटं दिली.

"दाब."

दाबली.

"आजून दाब."

जीव खाऊन दाबली. शूटिंगवाल्यानं मोबाईल खाली केला.

"हात हाय आजून," तो म्हणाला.

त्या 'आजून'सरशी मी मान वर करून सूर्य किती चढला ते बघितलं. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी देवऋषी सुचवला. म्हाताऱ्यानं कुणाचं ऐकलं नाही. एका टेम्पोवाल्याची म्हैस उतरवून त्या जागी मला बसवलं आणि नगरला नेलं.

डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची. दोन्ही हात वर करायला लावले, डोळे मिटायला लावले, भुवया चढवायला लावल्या, शुगर बघितली.

"हे वारं नाही, काका. चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय. लकव्यात बहुतेक वेळा कपाळ हलतं, तुमचं तेही हलत नाही. पण हे घरी बसून ठरवायचं नसतं. तोंड वाकडं दिसलं की तडक इकडं यायचं. सकाळपासून करत काय होतात?"

"लोकांना हसवत होतो."

ती हसली नाही. गोळ्या लिहिल्या, वेळेत आलात म्हणाली.

"तोंड परत येईल?"

"बहुतेकांचं येतं."

बहुतेक. गाय किती दूध देईल असं विचारलं की मी हाच शब्द वापरतो. त्याची किंमत मला नेमकी माहीत आहे.

पुढचे दिवस मी त्या शब्दावर काढले. डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी, बाहेर जाताना काळा चष्मा. घास डाव्या गालात जाऊन बसायचा, बोटानं उकरून काढायचा. घरात कुणी ओरडत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटायची. बायको रोज सकाळी समोर बसायची आणि हुकूम सोडायची, "हसा." मी हसायचो. अर्धा. ती बघायची आणि भाकरी थापायला उठायची.

पाचव्या आठवड्यात ओठाचा कोपरा किंचित हलला. ती एवढ्यानं किंचाळली, की राहुरीपर्यंत ऐकू गेलं असेल. पुढं तोंड बरंचसं आलं. सगळं नाही. अजून जेवताना डाव्या डोळ्यातून पाणी येतं आणि हसलो की तोच डोळा आपोआप बारीक होतो, जसं काही त्याला माझं कुठलं तरी गुपित माहीत आहे.

नक्कल मी पुन्हा केली नाही. करायला गेलो आणि तोंड तिथंच राहिलं तर, ही भीती. ती घेऊनच एका सकाळी आबांकडं गेलो. ते बाजेवर होते, धड हातानं ओठ पुसत.

"आबा," मी म्हणालो, "मी बाजारात तुमची नक्कल करायचो. लई वर्षं. मग माझंही तोंड तसंच झालं. तुमचा तळतळाट लागला का मला?"

आबांनी माझा चेहरा न्याहाळला. मग शब्द जुळवत, सावकाश बोलले.

"बगितलीय मोबाईलवर. तू डावी बाजू करायचास. माजी उजवी हाय."