कानाचे डबे

मी लग्न होऊन नाचणगावला आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माहेर अल्लीपूरचं, शेतकऱ्याचं, सासरही शेतकऱ्याचंच. घरात माणसं तीनच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमचे हे, आणि मी. मामाजी, म्हणजे सासरे, मी यायच्या आधीच गेले होते, त्यामुळे शेतीचा सगळा कारभार आत्याबाईंकडे. हे पुलगावात एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरीला होते. सकाळी भाकरी बांधून पायी जायचे, दिवे लागायच्या सुमारास परत यायचे. अंगावर, केसांत, मिशांत सगळीकडे कापसाचे धागे.

ह्यांना रेडिओचं वेड होतं. दुकानातला रेडिओ घ्यायची ऐपत नव्हती आणि गावात वीजही नव्हती. पण जिनातल्या इंजिनावरच्या मेकॅनिकनं त्यांना खड्याचा रेडिओ करायला शिकवलं होतं. एक लाकडी फळी, तिच्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक चकाकणारा खडा, आणि त्या खड्याला अलगद टेकवायची केसासारखी तार. त्याला ना वीज लागायची ना बॅटरी. बाभळीच्या शेंड्यापासून गोठ्याच्या आढ्यापर्यंत लांब तार ताणली, दुसरी तार न्हाणीजवळच्या ओल्या मातीत पुरली, की नागपूर केंद्र त्यात यायचं.

यायचं म्हणजे, हे म्हणायचे म्हणून यायचं. ऐकायला मेकॅनिकनं दिलेला टेलिफोनचा एक जुना डबा होता, तो कानाला दाबून धरायचा. मी पहिल्यांदा धरला तेव्हा माठात माशी अडकल्यासारखं काहीतरी वाजलं.

"आलं का आयकू?" ह्यांनी विचारलं.

"आलं ना," मी म्हटलं. नव्या नवरीनं आणखी काय म्हणावं?

आत्याबाईंवर तसलं बंधन नव्हतं. त्यांनी डबा या कानाला लावला, त्या कानाला लावला, आणि ह्यांच्या हातात परत दिला. "माशी भुनभुन करून राह्यली. एवढ्यासाठी बाभयीवर चढला होता का रे तू?"

पुढे मेकॅनिकची बदली झाली आणि तो आपला डबा घेऊन गेला. रेडिओ मुका झाला. हे तरी जेवून उठले की सवयीनं फळीजवळ जाऊन बसत आणि खड्यावरची तार उगाच इकडेतिकडे सरकवत. आत्याबाई चार-पाच दिवस पाहत राहिल्या.

"काऊन असा बसतं रे सुतकी तोंड करून?"

"मशीन चांगली आहे माय. डबे चांगले पाह्यजेत. दोन्ही कानाले लागतात तसे, हेडफोन. बारीक आवाज पकडणारे."

"कुठी भेटतात?"

"वर्ध्याले. फौजेच्या लिलावातला माल विकणारा एक जण आहे. पण महाग असतात."

आमच्याकडे फरदडीचा पैसा बायकांचा असायचा. कापसाची वेचणी संपल्यावर झाडाला जी उरलीसुरली, किडकी बोंडं राहतात ती फरदड. ती आत्याबाई आणि मी वेचायचो. त्या पैशातून त्या वर्षी त्यांना पितळी घागर घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या, "घागर पुढच्या साली घेऊ. पण पैसा आपला आहे, त मी येतो संगं. आयकल्याबिगर घ्याची नाई वस्तू. तू बी चाल."

असे आम्ही तिघं पॅसेंजरनं वर्ध्याला गेलो. ह्यांनी आपला रेडिओ धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. गाडीतल्या एका बाईला वाटलं आत तान्हं मूल आहे. ती मला हळूच म्हणाली, "तोंड उघडं ठेवा त्याचं, घाबरते."

दुकान स्टेशनापासून जवळच होतं. दारापासून छतापर्यंत लष्करी भंगार. बूट, पाण्याच्या बाटल्या, टेलिफोन, तारेची भेंडोळी. दुकानदार हिंदी बोलायचा. हेडफोन म्हटल्यावर त्यानं एक काळी, जाडजूड जोडी पुढे ठेवली. कातडी गाद्या, वर रुंद पट्टा. "ये टैंकवाला है," तो अभिमानानं म्हणाला. आपल्या मोठ्या विजेच्या रेडिओला जोडून त्यानं ती ह्यांच्या कानांवर चढवली. ह्यांचा चेहरा एकदम उजळला. मग त्यानं दुसरी जोडी लावली, मग तिसरी. प्रत्येक वेळी ह्यांचा चेहरा तितकाच उजळला.

"कोणते चांगले?" आत्याबाईंनी विचारलं.

"सगळेच चांगले आहेत माय."

"सगळेच चांगले असन त मंग पाह्याले काऊन आलो?"

दुकानदार हसला. आत्याबाईंनी मला पुढे केलं. "सूनबाईले पाहू द्या. तिचे कान तिखट आहेत."

पण रस्त्यावर टांगे, सायकली, दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं. त्या सगळ्यांसमोर डोक्यावरचा पदर मागे सारून ते लोढण्यासारखं अवजड काहीतरी चढवायचं मला होईना. पदरावरूनच घातलं तर कानाला बसेना. त्यात माझ्या कानांत बुगड्या. पट्टा आवळला तशी बुगडी कानात रुतली आणि डोळ्यांतून पाणीच आलं. आवाज कसा होता ते मला कळलंसुद्धा नाही.

मागच्या पडद्याआडून दुकानदाराची बायको हे पाहत होती. तिनं पडदा बाजूला केला आणि मराठीत म्हणाली, "अहो, बायांना आत पाठवा ना. इथं काय ऐकू येणार त्यांना?"

आम्ही आत गेलो. आत स्वयंपाकघर, पलीकडे लहानसं अंगण. तिनं चहा टाकला. चुलीजवळच्या खिळ्याला एक तपकिरी, हलकीशी जोडी टांगलेली होती. दुकानातल्या रेडिओची तार भिंतीच्या भोकातून तिच्यापर्यंत आणलेली.

"हे तुमचं?" मी विचारलं.

"माझंच. पोळ्या करताना लावते. बाहेर ते दिवसभर बाजारभाव ऐकतात, गिऱ्हाईक आलं की आवाज बंद. मला गाणं पाहिजे असतं." ती थोडी लाजली. "घालून पाहा."

मी पदर खाली घेतला. पट्टा बारीक होता, अंबाड्याच्या पुढून नीट बसला. बुगडीला धक्काही नाही. मला एकदम सुचलं, की आपल्या रेडिओवर लावल्याशिवाय याचं खरं काय ते कळायचं नाही. विजेच्या रेडिओचा आवाज एवढा मोठा, की त्यावर फुटका डबाही बोलेल. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी फडकं सोडून फळी ओट्यावर ठेवली, दुकानदाराच्या छपरावरची तार तिला जोडली, दुसरी अंगणातल्या ओल्या मातीत खोचली, आणि खड्यावर तार टेकवत म्हणाले, "सांग आता."

आधी नुसती खरखर. मग कोणीतरी पेटी धरल्यासारखा सूर, आणि त्याच्यावर एक बाई गायला लागली. लांबून, पण स्वच्छ. श्वास घेतलेला ऐकू आला. मी हाताच्या खुणेनं सगळ्यांना गप्प केलं, खरं तर कोणीच बोलत नव्हतं.

आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरून जोडी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. ऐकता ऐकता त्यांच्या हातातला चहा निवला. "हेच द्या," त्या म्हणाल्या.

"बाई, ते मी नाही देणार," दुकानदाराची बायको म्हणाली. तिचा आवाज मऊच होता, पण हात पुढे झाला होता. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि जोडी परत केली. मग म्हणाल्या, "मी बी नसते देल्ले."

दोघी हसल्या, आणि तिथून काम सोपं झालं. ती दुकानात गेली आणि सगळ्या जोड्यांची टोपलीच घेऊन आत आली. ओसरीवर बसून भाजी निवडावी तशा आम्ही तिघी त्या टोपलीभोवती बसलो. टँकवाली जोडी आमच्या रेडिओवर लावली तर काहीच नाही, अगदी मुकी. ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांचा जीव तिच्यावरच बसला होता. दुसऱ्या एकीत माशी परत आली. एकीचा एकच कान चालत होता. एक चांगली वाजली, पण घट्ट; आत्याबाई म्हणाल्या, "हे घालून माणूस कथा आयकन का कान सोडवन?"

टोपलीच्या तळाशी तपकिरी रंगाची आणखी एक निघाली. पट्टा वाकलेला, दोरी उंदरानं कुरतडलेली. ह्यांनी उघड्या तारा पिळून जोडल्या. मी कानाला लावली. गाणं संपून आता कोणी बोलत होतं, आणि मला शब्द कळत होते. एकेक शब्द.

मी आत्याबाईंकडे पाहून मान हलवली. त्यांनी स्वतः ऐकलं, पट्टा ताणून पाहिला, मडकं घेताना वाजवतात तसं टिचकी मारून पाहिलं, आणि मगच दुकानदाराशी घासाघीस करायला बाहेर गेल्या. कुरतडलेल्या दोरीचा त्यांनी इतका बाऊ केला, की त्यानं नवी दोरी लावून दिली आणि वर एक जास्तीचा खडाही दिला. निघताना त्याच्या बायकोनं मला कुंकू लावलं.

घरी आल्यावर पहिला मान आत्याबाईंचा. त्यांना कीर्तन ऐकायचं होतं, पण त्या वेळी खेड्यातल्या लोकांसाठीचा कार्यक्रम लागला होता. कोणी एक माणूस दुसऱ्याला बोंडअळीबद्दल सांगत होता. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले.

"अवं, हा त आपल्यासारखाच बोलून राह्यला! 'मले', 'तुले' म्हणते!" मग त्या जोरात ओरडल्या, कारण कान झाकलेला माणूस ओरडतोच, "राख टाकाले सांगते, राख! मी काय सांगत होती तुले?"

हे समोर उकिडवे बसून हसत होते. त्यांची पाळी यायला बराच वेळ लागला, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

पट्ट्यावरून दोन्ही डबे काढता येतात हे मला काही दिवसांनी उमगलं. मग एक आत्याबाईंच्या कानाला आणि एक माझ्या, अशा आम्ही डोक्याला डोकं लावून बसायचो. सासू-सुनेचं एवढं जवळ बसणं गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बाया आधी हसायला आल्या, मग ऐकायला. सगळ्यांना कान कुठून पुरवणार? तेव्हा ह्यांनी जिनातून युक्ती शिकून आणली. दोन्ही डबे रिकाम्या पितळी गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, ठेवायचे. गंज आवाज उचलतो.

दुपारची कामं आटोपली की ओसरीवर मधोमध गंज, आणि भोवती आठ-दहा बाया वाकून बसलेल्या. कोणाच्या हातात वाती, कोणाच्या हातात निवडायची डाळ. मध्येच गोठ्यात गाय हंबरली की सगळ्या एकदम "शुक्!" म्हणायच्या, जसं काही ती ऐकणार होती. गंजाच्या आतून सनई यायची, बारीक, पाण्याखालून आल्यासारखी, आणि आत्याबाई एका हातानं ठेका धरून दुसऱ्या हातानं डाळीतले खडे वेचत असायच्या.