जयपुरात शिडाची होडी विकणे आहे

जाहिरात वाचून जे फोन यायचे त्यांत पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "बोट कुठे बघायला मिळेल?" नवरा घसा खाकरून सांगायचा, "जयपूरला." काही जण तेवढ्यावरच फोन ठेवायचे. जे ठेवायचे नाहीत त्यांना तो सीकर रोडवरून मुरलीपुऱ्याकडे कुठे वळायचं ते समजावून सांगायचा.

जाहिरात त्याचीच होती. आमच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर त्याने एका संध्याकाळी उरकला होता, पण या जाहिरातीला महिना घेतला. तीस फुटांची शिडाची नौका, जुनी, संपूर्ण नूतनीकरण केलेली, लांबच्या सागरी प्रवासाला सज्ज. 'सज्ज' वाचून मी चष्मा काढून ठेवला. सज्ज ती कधीची होती, पाणी तेवढं नव्हतं.

हा माणूस मूळचा अकोल्याचा. लहानपणी त्याने पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे धरणाचं. सैन्यात गाड्या आणि इंजिनं दुरुस्त करण्याच्या कामात आयुष्य गेलं, शेवटची बदली जयपूरला झाली, आणि मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असल्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही वैशाली नगरमध्येच राहिलो. लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात, सोसायटीच्या भांडणांत पडतात. याने किनाऱ्यावरच्या एका यार्डात सडत पडलेली होडी विकत घेतली आणि लांबलचक ट्रेलरवर घालून राजस्थानात आणली. म्हणाला, इथे कारागीर चांगले आहेत. ते खरंच आहे, फक्त त्यांतल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता.

मी कोकणातली. त्यामुळे सगळे धरून चालले होते, की या वेडामागे मीच असणार. "मॅडम तो समुंदरवाली हैं," असं कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणायचे. आमच्या गावात समुद्र ही कामाची जागा होती. गंमत म्हणून त्यात कोणी जात नसे आणि मुलींना तर होडीत पाय ठेवू देत नसत. खाडी ओलांडायला तरीची होडी असायची, तेवढाच माझा दर्यावर्दी अनुभव. साठ वर्षांच्या आयुष्यात समुद्राकडे मी नुसतं काठावर उभी राहून पाहिलेलं आहे, तेही बहुतेक वेळा पाठीमागून कोणीतरी "चल आता" म्हणत असताना.

मुरलीपुऱ्यात त्याच्या एका मित्राचा बंद पडलेला कारखाना होता. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये होडी लाकडी टेकूंवर उभी राहिली आणि नवऱ्याचे दिवस तिकडे जाऊ लागले. आतलं सुतारकाम ज्याने केलं तो नक्षीचे सोफे बनवणारा. प्रत्येक कपाटाच्या दारावर त्याला कमळ कोरायचं होतं. मोठ्या मिनतवारीने कमळं दोन दारांपुरती आटोक्यात राहिली. लाकूड मात्र त्याने शिसवीच वापरलं, कारण हलकं लाकूड लावणं त्याला अपमानाचं वाटत होतं. शिडं फाटकी होती, ती मांडव शिवणाऱ्या शिंप्याने जोडून दिली. गाद्या रजई भरणाऱ्या बायकांनी केल्या, वर सांगानेरी छापाची खोळ. मुलगी बंगळूरहून आली तेव्हा आत डोकावून म्हणाली, "मम्मा, मतलब हे छान आहे, पण हे समुद्रात जाणार की लग्नात?"

तळातून पाणी आत येतं का हे तपासायची वेळ आली तेव्हा होडी पाण्यात सोडायची सोय नव्हती. म्हणून नवऱ्याने उलटा हिशेब केला. आत पाणी भरायचं आणि बाहेर येतं का बघायचं. ऐन मे महिन्यात त्याने पाण्याचा टँकर मागवला. आख्ख्या गल्लीचे नळ कोरडे होते. बायका कळशा घेऊन टँकरमागे आल्या आणि पाहतात तो हा माणूस नळी होडीच्या पोटात सोडतोय. "भाईसाहब, नाव में पानी भर रहे हो?" शेजारच्या कारखान्याच्या मालकाने विचारलं. तसा जयपूरचा माणूस अदबशीर, पण त्या दिवशी मी लाजेने गाडीतून उतरले नाही. पाण्याचा थेंबही बाहेर आला नाही. संध्याकाळी तेच पाणी बायकांनी कळशा भरभरून नेलं आणि प्रकरण मिटलं.

मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल केली. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. ती होडी जड आहे, बेढब आहे, मुरलीपुऱ्यातून हलणार नाही, असं मी येता-जाता म्हणत असे. त्याच्या कानावर ते पडत असे, पण आत शिरत नसे. तो म्हणायचा, "एकदा चालू दे, मग बोल."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो बाथरूमच्या दारात चौकट धरून उभा राहिला आणि म्हणाला, "घर फिरतंय." मला वाटलं रक्तदाब असेल. कानाचे डॉक्टर आपल्याकडचेच, साताऱ्याचे निघाले. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, आतल्या कानाचा आजार आहे, जाणार नाही, गोळ्यांनी ताब्यात राहील. मग सहज म्हणाले, "शिडीवर चढायचं नाही, गच्चीच्या कडेला जायचं नाही, आणि होडीबिडीत तर बसायचंच नाही." होडी त्यांनी आपली उदाहरणादाखल घेतली होती. आमच्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. जयपुरात राहणाऱ्या माणसाला होडी वर्ज्य करणं त्यांना निरुपद्रवी वाटलं असणार.

परतताना घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "विकू या." आणि थोड्या वेळाने, "पण पाण्यात जायला हवी. मी जाणार नाही ते ठीक आहे. ती कशी चालते तेवढं मला कळायला हवं." मी भाजी काय करू ते विचारलं.

पहिलं खरं गिऱ्हाईक आलं ते आग्रा रोडवर बस्सीच्या अलीकडे लग्नांसाठी रिसॉर्ट चालवणारे एक गृहस्थ. त्यांना होडी लॉनवर हवी होती. पुढच्या टोकाला शरबतांचं काउंटर, डोलकाठीवर लाइटिंग, नवरा-नवरी वरून खाली उतरणार. आत न डोकावताच त्यांनी आमची किंमत मान्य केली. नवरा त्यांना संडासाचा पंप कसा मारायचा ते दाखवत राहिला आणि ते सोसत राहिले.

ते गेल्यावर तो म्हणाला, "ती जमिनीवर राहायला बनलेली नाही."

"इतकी वर्षं कुठे राहतेय मग?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दे त्यांना." भांडला असता तर मी नक्की दिली असती. तो भांडला नाही, हात धुऊन गाडीत जाऊन बसला. मला असा संताप आला की दुसऱ्या दिवशी मीच त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, आम्हाला जास्त पैसे हवे आहेत. त्यांनी रक्कम वाढवली, त्याने मी आणखीच चिडले.

मग उन्हाळा संपता संपता कोकणातून एक दंतवैद्य आले. पन्नाशीचे, बारीक, सुट्टीच्या दिवशी होडी चालवणारे. घरी कचोरी खाऊन झाली, मुलगी बघायला आल्यासारखी इकडची तिकडची चौकशी झाली, आणि मुरलीपुऱ्यात पोचल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची हातोडी काढली. होडीभोवती हळूहळू फिरत ते जागोजाग टकटक करून कान लावून ऐकत होते. नवरा त्यांच्या मागून हात पाठीशी बांधून चालत होता. दाढेचा निकाल ऐकायला बसलेल्या माणसाचा चेहरा होता त्याचा.

"कुठेही पोकळ नाही," ते म्हणाले. "काम मन लावून केलंय तुम्ही. पण साहेब, चालते कशी हे मी इथे कसं बघू? पाण्यात उतरवून, शीड लावून चालवल्याशिवाय कोणी होडी घेत नाही. ट्रेलरचा खर्च माझा. पसंत पडली तर तिथेच कागद करू. मात्र मालकाने सोबत असायला हवं. कुठली दोरी कुठे जाते ते मला कोण सांगणार?"

म्हणजे विकण्यासाठी होडी समुद्रात जायला हवी, आणि तिच्यात बसायला हवा तो माणूस जो बसू शकत नाही म्हणून ती विकायची होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. कागदोपत्री होडी दोघांच्या नावावर होती. तेव्हा कर वाचवायचा म्हणून तसं केलं होतं.

"दोऱ्या मला माहीत आहेत," मी म्हटलं. टिंगल करायची तर माहिती लागते, आणि मी ती पुष्कळ जमवली होती.

डिसेंबरात मी एकटी कोकणात गेले. मुलगी रजा काढून बाबांजवळ येऊन राहिली. ठरलं असं, की मी फोनवरून सगळं दाखवत राहायचं आणि तो घरच्या दिवाणावर बसून बघणार. क्रेनने होडी उचलली तेव्हा फोनमधून सूचनांचा भडिमार सुरू झाला. पट्टा मागे घ्या, हळू, अजून हळू. मग ती पाण्याला टेकली. "मम्मा, बाबा विचारतात, रेघ पाण्याच्या वर आहे ना?" मुलगी म्हणाली. होडी किती बुडावी ते दाखवणारी रंगाची रेघ दोन बोटं पाण्याखाली गेली होती.

"शिसव आहे," दंतवैद्य म्हणाले. "बसणारच. काही बिघडत नाही."

आम्ही इंजिनावर धक्क्यापासून निघालो. मी फोन उंच धरून उभी होते. खाडीच्या तोंडापर्यंत नवऱ्याचा चेहरा दिसत होता, मग तो मध्येच तोंड उघडं ठेवून थांबला आणि रेंज गेली. मी फोन पिशवीत टाकला. दंतवैद्यांनी शीड चढवलं. मांडवाच्या शिंप्याने मारलेली आडवी शिवण उन्हात सरळ दिसत होती. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि पुढे दोरी नीट करायला जाताना मला म्हणाले, "हे धरा जरा."

मी सुकाणूचा दांडा धरला. होडी एका अंगावर कलली, मला वाटलं आता संपलं, आणि तेवढ्यात तिने स्वतःला सावरलं आणि ती निघाली. आवाज नव्हता, नुसतं पाणी बाजूने सरकत होतं. दांड्यातून हाताला कळत होतं तिला कुठे जायचंय ते. जड असल्यामुळेच ती लाटांवर आपटत नव्हती, त्या कापत होती. हे तो नेहमी म्हणायचा आणि मी नेहमी हसायचे. आतलं एकही कपाट उघडलं नाही. दंतवैद्य परत आले आणि त्यांनी हात पुढे केला, तर मी म्हटलं, "थोडा वेळ राहू द्या." पाठीमागून मला कोणी हाक मारत नव्हतं. मला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. इतकी खूश मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते, आणि ज्याने हे घडवलं तो दिवाणावर बसून माझ्या फोनची वाट बघत होता.

परतताना खाडीत शिरलो तसा फोन वाजला. "कशी चालते?" त्याने विचारलं. बाकी काही नाही, एवढंच.

खरं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते दिलं असतं तर तो उरलेलं आयुष्य मुरलीपुऱ्याच्या रिकाम्या शेडसमोर गाडी थांबवत राहिला असता.

"बरी आहे," मी म्हटलं. "डोलते फार. डिझेलचा वास नाकात बसलाय. दहा मिनिटांत कंटाळा आला मला. तू तर पाचच मिनिटं टिकला असतास."

"चालते पण?"

"चालते की. होडी आहे, चालणारच. पण एवढा जीव टाकावा असं त्यात काही नाही."

"हो का?" तो म्हणाला. मग त्याने मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. "म्हणजे फार कशाला मुकलो नाही मी." पाठोपाठ मुलीला चहा टाकायला सांगितलेलं ऐकू आलं. त्या होडीबद्दल मी इतकी वर्षं जे बोलले त्यातलं एक अक्षर त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. हे मात्र त्याला लगेच पटलं.

दंतवैद्य शेजारीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण दोरी गुंडाळण्यात त्यांनी फार लक्ष घातलं होतं. धक्क्यावर आल्यावर त्यांनी पिशवीतून कागद काढले, होडीच्या टपावर पसरले आणि पेन माझ्या हातात दिलं. मला ती होडी द्यायची नव्हती. सही कुठे करायची ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मला नीट दिसत होतं, तरी मी विचारलं, "कुठे?"