पप्पांचा उपास

माझे पप्पा चार महिने जेवत नव्हते आणि आम्ही घरातले सगळे त्याला उपास म्हणत होतो.

आज त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सायबर कॅफेत बसून टाईप करतेय. शेजारचा माणूस हेडफोन लावून जोरजोरात चॅट करतोय, त्यामुळे रडता येत नाही. बरंच आहे.

पप्पा काशीमीराला एका गॅरेजमध्ये ट्रकचं वेल्डिंग करायचे. भाईंदर पूर्वेला आमचं वन रूम किचन, आणि दर बुधवारी संध्याकाळी तिथे प्रार्थना सभा. वीसेक माणसं, चपला पार जिन्यापर्यंत.

सगळे आपापली अडचण सांगायचे. नोकरी, पोराचा रिझल्ट, सासूचे गुडघे.
पप्पांची पाळी आली की वाक्य ठरलेलं. "प्रभूच्या कृपेने आम्हाला काही कमी नाही."

आणि खरंच त्या माणसाला काही कमी वाटायचं नाही. गॅरेज दोन महिने बंद होतं तेव्हाही नाही. मम्मी चिडून म्हणायची, यांना समाधानाचा आजारच आहे.

बारावीनंतर मला फार्मसीला जायचं होतं आणि लिस्टमध्ये नाव लागत नव्हतं. पप्पांनी उपास धरला.

आमच्यात उपास गुप्त असतो. करणाऱ्याने सांगायचं नाही, बाकीच्यांनी विचारायचं नाही. ताट सरकवलं की समजून घ्यायचं. मम्मी गुपचूप ताट उचलायची. कशासाठी चाललंय ते मला न सांगताच कळलं होतं.

तिसऱ्या लिस्टला नाव लागलं.

त्या बुधवारी मी सभेत उभं राहून साक्ष दिली. म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी म्हटलं, पप्पांनी माझ्यासाठी उपास केला आणि प्रभूने दार उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मम्मी पदराने डोळे पुसत होती.

पप्पा खाली बघत होते. मला वाटलं, लाजतायत.

त्यानंतरही ते जेवेनात. आम्हाला वाटलं, आता धन्यवादाचा उपास असेल. मग वाटलं, काहीतरी मोठी प्रार्थना चाललीय.
चपाती चहात बुडवून खायचे. नंतर नुसताच चहा. बेल्टला त्यांनी स्वतःच दोन नवीन भोकं पाडली.
पास्टर सभेत म्हणाले, ब्रदरकडून शिका. आम्ही शिकत बसलो.

सभेला सुनंदा आंटी यायच्या. सरकारी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. त्यांनाही तो उपासच वाटत होता.

एका बुधवारी पप्पांनी चहाचा घोट घेतला आणि तो तसाच उलटून पडला. आंटींनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "ब्रदर, थुंकी तरी गिळता येते का?"

पप्पांनी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी आंटी स्वतः रजा टाकून त्यांना घेऊन गेल्या. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. डॉक्टर मम्मीवर ओरडले, इतके दिवस काय करत होतात?
मम्मी म्हणाली, उपास होता.


वॉर्डात मी एकटी असताना विचारलं, "पप्पा, उपास नव्हताच ना?"

"पहिले आठ दिवस होता. मग घास अडकायला लागला." आवाज अगदी बारीक झाला होता. "सांगणार होतो गं. पण तू साक्ष दिलीस. एवढ्या लोकांसमोर. ती खोटी कशी पाडू?"

सतरा दिवसांनी ते गेले.

लोक विचारतात, अजून विश्वास आहे का तुझा? आहे. देवाने पुरवलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. त्याने दर बुधवारी आमच्या घरात एक नर्स आणून बसवली होती.
आम्ही तिला चहा दिला.

राग आहे तो माझ्यावर. थोडा पप्पांवरपण. काही कमी नाही म्हणताना घास उतरत नाही एवढं सांगितलं असतं, तर प्रभू रागावला नसता.

माझ्या सासरी आता कुणी ताट सरकवलं की मी विचारते. उपास असला तरी विचारते. नवरा वैतागतो. वैतागू दे.

श्रद्धांजली वाहायला हात उचलत नाही, पप्पा.
तिथे पोटभर जेवा.