सुधाताईंच्या टेबलावरचा फोन

सुधाताईंच्या रिकाम्या टेबलावरचा फोन आजही वाजला. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. वाजून वाजून तो गप्प झाला.

सुधाताई वारल्या त्याला काही महिने झाले. आमच्या डेअरीच्या ज्ञान-पोर्टलवर टँकर वाटेत बंद पडला तर काय करायचं, दुधाला वास येऊ लागला तर आधी काय तपासायचं, ही सगळी पानं त्यांनीच लिहिलेली. पोर्टल सुरू झालं तेव्हा केक कापायला साहेबांसकट सगळे आले होते. पुढे रोज बसून ते ताजं ठेवणाऱ्या मात्र त्या एकट्याच. प्रत्येक पानाखाली त्यांचं एक वाक्य आहे, ‘एवढं वाचूनही अडलं तर मला फोन कर, लाजू नकोस.’ पुढे याच फोनचा नंबर.

आता पोर्टल माझ्याकडे आलंय. ते वाक्य पुसायचं म्हणून मी रोज पान उघडते आणि तसंच बंद करते. माणूस गेलं तरी काम अडू नये, म्हणून हे सगळं उभारलं म्हणे. काम अडत नाहीच. तरी लांबच्या केंद्रांवरची नवी पोरं सगळं वाचतात आणि शेवटी फोनच लावतात. धीर कसा चढवायचा पोर्टलवर?

फोन पुन्हा वाजला. कुणीच उठेना, तेव्हा मी उचलला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत पलीकडून एका मुलीचा आनंदलेला आवाज आला, “ताई, सापडलात बाई एकदाच्या!”