राबातून वाचलेलं झुडूप

मातीतला निकेल पानांत साठवणारी झाडं शोधायची, हा माझ्या पीएचडीचा विषय. तो ऐकून लोक माझ्याकडे काळजीने बघायचे, आणि २०१७ उजाडेपर्यंत मलाही स्वतःची काळजी वाटायला लागली होती. डहाणू रोडच्या लॉजवरून निघायचं, तलासरीला उतरायचं, जीपमध्ये अंग चोरून उधव्याकडे जायचं आणि मग टेकडी चढायची. टेकडीच्या एका पट्ट्यात गवतही धड उगवत नसे, पण जाड पानांचं एक झुडूप तिथेच मजेत वाढायचं. त्याचं पान रसायन लावलेल्या कागदावर चुरडलं की कागद गुलाबी व्हायचा, म्हणजे निकेल आहे. झुडूप कोणतं, हे मात्र कुणीच सांगेना. ज्याला विचारावं तो म्हणे, फुलांची डहाळी आणा. नावाशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता.

फूल दिसणार कुठून? भात पेरण्याआधी तिथे राब भाजतात. तोडलेल्या फांद्या आणि पालापाचोळा वाफ्यावर पसरून जाळतात. दर वर्षी कळ्या धरायच्या आत माझी झुडपं कोयत्याखाली जायची. मी पाड्यात सगळ्यांच्या विनवण्या केल्या. एका झुडपाला खुणेची फीत बांधली, तर ते फितीसकट जाळलं. अस्सा संताप आला की टेकडीवर बसून रडले.

जिच्या ओटीवर मी पाणी प्यायचे, ती मावशी म्हणाली, "बाय, सांगून कोन ऐकतं? मी करते कायतरी."

पुढच्या उन्हाळ्यात एक झुडूप शाबूत होतं. बुडाशी दगड आणि दगडाला शेंदूर. शेंदरात शिसं असतं, आणि मी तिथे मातीतले धातू मोजायला आलेली. कपाळावर हात मारला. पण फांद्या फुलांनी लगडल्या होत्या, म्हणून सगळं विसरून मी कात्री काढली.

मावशीने माझं मनगट धरलं. पाड्यातल्या बायका नारळ घेऊन वर येत होत्या.

"एकच डहाळी, मावशी. दगड तूच ठेवलास ना?"

"ते तुला नि मला ठावं," ती हळूच म्हणाली. "त्यांच्यासमोर तू तोडलीस, तर उद्या ते पन तोडतील."

बायका जवळ आल्या. त्यांनी मला पुढे जागा करून दिली. मी कात्री पिशवीत टाकली, झुडपाला नमस्कार केला आणि टेकडी उतरले.