पन्नास वार पाणी

जगातल्या सगळ्यात वेगवान बायका कोण, हे पिंपळे गुरवमध्ये फक्त एकाच बाईला ठाऊक होतं, आणि त्या बाईला निम्मं पिंपळे गुरव घाबरून असायचं. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही खाली, त्या वर, मधे लोखंडी जिना. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की आमचे हे लोळत असायचे ते उठून बसायचे आणि मी ओट्यावरचं फडकं उगाचच घडी करायची. कारण त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच असायचं. थोरले दीर गेल्यावर गळा मोकळा दिसू नये म्हणून त्यांनी ते घातलं, असं आमची एक मामेसासू सांगायची. ते खरं नाही. दीर होते तेव्हाही ते तिथेच होतं, आणि त्याला सगळ्यात जास्त तेच घाबरायचे.

महाळुंग्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनीवर त्या लागल्या होत्या. खाडाखोड न करता आकडे लिहिणारी बाई म्हणून साहेबांनी त्यांना टाइम स्टडीला घेतलं. म्हणजे कामगाराच्या पाठीमागे उभं राहायचं आणि एका कामाला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पाठीमागे कुणी घड्याळ घेऊन उभं असलं की चांगल्या हातांनाही कापरं भरतं. बायका त्यांना पाहून गप्पा थांबवायच्या, डबा खाताना जागा सोडून बसायच्या. पण त्यांनी कधी कुणाचा सेकंद चोरला नाही. एकदा एका सुपरवायझरने वेळ थोडी कमी करून लिहा म्हणून गळ घातली. जाऊबाईंनी त्यालाच लाइनीवर बसवलं, वायरींचा जुडगा हातात दिला आणि घड्याळ सुरू केलं. तो उठला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि जुडगा अर्धाच बांधून झाला होता. त्याने पुन्हा वेळेचा विषय काढला नाही.

कारखाना सुटला, सवय सुटली नाही. मी भाकरी थापत असताना त्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि माझी भाकरी हमखास फाटायची. "एका भाकरीला सत्तेचाळीस सेकंद लागतात तुला," त्या एकदा म्हणाल्या, "त्यातले अकरा तू नुसती परातीकडे बघत बसतेस." त्यानंतर मी परातीकडे बघायचंच सोडलं. विहारात रविवारच्या वंदनेनंतर त्यांनी वंदना घेणाऱ्या गृहस्थांना सगळ्यांसमोर सांगितलं, की गेल्या रविवारपेक्षा आज दीड मिनिट कमी लागलं, म्हणजे काहीतरी राहिलं. गृहस्थ रागावले, मग मनातल्या मनात मोजू लागले, मग ओशाळले. एक गाथा खरोखरच राहिली होती.

अमेरिकेतल्या पोहणाऱ्या पोरी त्यांच्या आयुष्यात आल्या त्या फोनवर आपोआप सुरू झालेल्या एका व्हिडिओतून. तिथे कॉलेजांच्या शर्यती छोट्या तलावात होतात, आणि त्यातल्या सगळ्यात वेगवान पोरी पन्नास यार्डांची शर्यत एकवीस सेकंदांच्याही आत संपवतात. जाऊबाईंचा विश्वास बसला नाही. पडद्यावरचा आकडा कुणीतरी फुगवून लावला असणार, असं त्यांनी ठरवलं आणि स्वतःचं घड्याळ काढलं. तीन दिवस वर सूर मारल्याचे आवाज ऐकू येत होते. चौथ्या दिवशी त्या जिना उतरून आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, आकडा खरा आहे." त्यांच्या तोंडून इतक्या आदराने मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं नव्हतं.

मग आमच्या घरात त्या पोरींचा मुक्काम पडला. यार्ड म्हणजे आपला वार, हे कळल्यावर जाऊबाईंना त्या परक्या वाटेनात. पंचवीस वारांचा तलाव, म्हणजे नऊवारी लुगडी तीन अंथरली की तलाव संपून दोन वार भिंतीवर चढणार, असा हिशोब त्या आल्यागेल्याला समजावायच्या. पोरींची इंग्रजी नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी स्वतःच नावं ठेवली. एक लांबडी, एक शांता, आणि सगळ्यात लाडकी ती भिंतवाली, कारण ती कोलांटी मारून भिंतीला पाय लावायची आणि परत फिरायची ते डोळ्याला दिसायचंसुद्धा नाही. "भिंतवालीचा खांदा दुखतोय," असं त्या एकदा भाजीवालीसमोर म्हणाल्या, आणि भाजीवालीने मनापासून तेल सुचवलं. मार्चच्या सुमारास तिकडच्या मोठ्या शर्यती असल्या की सकाळी पाण्याची मोटर लावायलासुद्धा त्या खाली यायच्या नाहीत. मी वर गेले की दिसायचं, फोन टेबलावर उभा आणि जाऊबाई चार हात लांब, खिडकीचा गज मुठीत धरून उभ्या. पोरी पाण्यात शिरल्या की यांचा श्वास बंद. त्या पोरी पन्नास वारांत एखाददुसराच श्वास घेतात, काही तर घेतच नाहीत. हात भिंतीला लागला, डोकी वर आली, की जाऊबाई गज सोडायच्या आणि पदराने कपाळ पुसायच्या. मला वाटायचं, हा शर्यतीचा जोश आहे.

हे सगळं लांबून बघायला गमतीचं होतं. मी चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते. कंपनीच्या बसचे हादरे खाऊन माझी कंबर धरली, आणि डॉक्टरांनी कागदावर एकच शब्द लिहिला, पोहणे. मी बीड जिल्ह्यातली. पाणी आमच्याकडे टँकरने यायचं आणि घागरीत मावायचं. घागरीपेक्षा खोल पाण्यात आपला पाय जाईल ही कल्पनाच मी कधी केली नव्हती. तो कागद मी डाळीच्या डब्याखाली लपवला. जाऊबाईंना तो दुसऱ्याच दिवशी सापडला.

त्या दिवसापासून माझ्यावर जे गुदरलं ते कुणाला सांगून पटणार नाही. मला दिवाणावर पालथं झोपवून पाय मारायला लावायचं, हाताची वाटी करू नकोस, पंजा सपाट ठेव, कोपर वर, असं वरून सांगायचं. कपडे भिजवायच्या टबात तोंड बुडवायला लावायचं आणि घड्याळ लावायचं. मी सहा सेकंदांत तोंड वर काढून धापा टाकू लागले की त्या खिन्नपणे म्हणायच्या, शांता एवढ्यात पलीकडच्या भिंतीजवळ पोचली असती. आमचे हे हसायचे, आणि जाऊबाईंनी मान वळवली की हसायचं थांबवायचे.

घरापासून रिक्षाच्या अंतरावर एक पोहायचा टँक होता. सकाळी बायकांची बॅच असायची, शिकवायला एक धडधाकट मॅडम होत्या. पहिल्या दिवशी पायऱ्यांवरून पाण्यात उतरताना माझे दात वाजत होते, आणि पाणी काही इतकं गार नव्हतं. पाण्यात आपलेच पाय वाकडे आणि दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे दिसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तळाला एक जाळी होती. ती जाळी मला ओढून घेणार, असं मला रोज वाटायचं. मी सुट्टीची कारणं शोधायची, पण जाऊबाई आठच्या ठोक्याला माझी टोपी हातात घेऊन जिन्याखाली उभ्या असायच्या. तिथे पोचल्यावर त्या भिंतीलगतच्या बाकावर बसायच्या, पाण्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं. तिथून मोठ्याने सूचना द्यायच्या. मॅडमनी एकदा विचारलं, तुम्ही स्वतः कुठे पोहायचात? जाऊबाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. मला वाटलं, त्यांना प्रश्न उद्धट वाटला.

महिनाभराने मला फळी धरून पाय मारता येऊ लागले. उथळ आणि खोल पाण्याच्या मधे एक दोरी बांधलेली होती, आणि त्या दोरीकडे बघतसुद्धा नव्हते मी. त्या सकाळी मॅडम पलीकडच्या टोकाला एका नव्या बाईला उतरवत होत्या. मी मान खाली घालून पाय मारत राहिले, कुठे चाललेय ते पाहिलंच नाही, दोरीखालून कधी गेले तेही कळलं नाही. थांबावं म्हणून पाय खाली सोडले आणि खाली काहीच नव्हतं. फळी हातातून निसटली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यात पाणी भरलं.

पाण्याखाली इतकी शांतता असते, याची मला आजही भीती वाटते. वर बायकांचे आवाज चालू होते आणि ते दुसऱ्या गावातून आल्यासारखे लांब झाले. माझे हात मला दिसत होते, ते काहीतरी करत होते, पण माझं ऐकत नव्हते. एकदा डोकं वर आलं तेव्हा भिंतीलगतचा बाक दिसला. रिकामा. मग पुन्हा खाली. मला वाटलं, त्यासुद्धा गेल्या, आता कुणी नाही.

तेवढ्यात माझ्यासमोर पाण्यात काहीतरी जांभळं फुगून आलं. ती त्यांची साडी होती. जाऊबाई शिडीने खाली उतरल्या होत्या, चपलांसकट, एका हाताने शिडीचा दांडा आवळून, हनुवटीपर्यंत पाण्यात. दुसरा हात त्यांनी माझ्याकडे ताणला होता. मी तो पकडला. त्यांची बांगडी माझ्या हातात फुटली. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते, आणि वीस वर्षांत कधी न ऐकलेल्या बोलीत त्या सारख्या एकच बोलत होत्या, "सोडू नगं. सोडू नगं गं. मी हाय."

मॅडम आल्या, त्यांनी मला काठावर ढकललं. जाऊबाईंना बाहेर काढायला मात्र वेळ लागला, कारण त्या शिडी सोडेनात. त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. काठावर बसवल्यावरही त्यांचा हात मुठीसारखा वळलेलाच राहिला. घड्याळ बाकाखाली पडलेलं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघी टॉवेल गुंडाळून बसलो. मला बोलायला येऊ लागलं तेव्हा मी विचारलं, किती वेळ होते मी खाली? ज्या बाईला माझ्या भाकरीचे सेकंद तोंडपाठ होते तिला हे माहीत असणार, असं मी धरूनच चालले होते.

"न्हाई ठाऊक," जाऊबाई म्हणाल्या. मग टॉवेल अंगाभोवती ओढून घेत, "न्हाई मोजलं."

तिथे बसून त्यांनी मला सांगितलं ते यापूर्वी दिरांनाही सांगितलं नव्हतं. त्यांचं माहेर मावळातलं. शाळेच्या वाटेवर ओढा होता. एका पावसाळ्यात त्यांचे पाय उचलले गेले आणि हाताला करंजाचं मूळ लागलं. ते धरून त्या लोंबकळत राहिल्या, कुणीतरी येईपर्यंत. किती वेळ, ते त्यांना घरी कुणीच नीट सांगेना. आई म्हणायची क्षणभर, बाप म्हणायचा दुपारभर. त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांनी पाण्यात घोट्याच्या वर पाय घातला नव्हता.

मी विचारलं, मग ताई, त्या पोरींना का बघता रोज? मला तर भीतीने बघवलं नसतं.

"मलाबी भीतीच वाटती," त्या म्हणाल्या. "पर त्या जात्यात ना पाण्यात, त्या येत्यात बाहेर. एकवीस मोजायचं, का आल्याच. दर बारीला येत्यात."

आठवडाभर त्या खाली आल्या नाहीत. जिना गप्प होता. मला ती टोपी, तो टॉवेल नजरेसमोर नको झाला होता, कंबर पुन्हा धरली होती, आणि आपण सुटलो असं वाटण्याऐवजी रोज सकाळी आठ वाजता माझा जीव उगाच खालीवर व्हायचा. शेवटी मी वर गेले. जाऊबाई दिवाणावर बसल्या होत्या, फोन बंद होता. मी म्हटलं, मी टँकवर जातेय, मला एकटीला भीती वाटते, चला. त्या उठल्या. चपला घातल्या.

मला पोहायला यायला पुढे चार महिने लागले. पहिल्यांदा मी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. जाऊबाई बाकावरून उठून काठापर्यंत आल्या होत्या, आणि माझ्याबरोबर सगळी लांबी चालत गेल्या होत्या, हात पुढे धरून. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नागपूरच्या लेकीने त्यांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या सकाळी त्या आपण होऊन म्हणाल्या, मला उतरव. मॅडमचा गाउन घालून त्या उथळ बाजूच्या पायऱ्या उतरल्या. तिसऱ्या पायरीवर थांबल्या, चौथीवर नखं रुततील इतका माझा हात दाबला. पाणी कमरेला आलं. बॅचमधल्या बायका बाजूला झाल्या आणि पाणी हलू नये म्हणून जागच्या जागी उभ्या राहिल्या.  मग जाऊबाईंनी दुसऱ्या हाताने पाण्यावर हळूच थोपटलं, जनावराच्या पाठीवर थोपटतात तसं.

आता वर हिंजवडीला कामाला जाणारं एक नवरा-बायकोचं जोडपं राहतं. चांगली आहेत, जिन्यावर त्यांचा आवाज होत नाही. जाऊबाईंचा फोन येतो. भिंतवाली आता शर्यतीत उतरत नाही, एक नवी पोर आली आहे, तिचं अजून नाव ठेवायचं आहे, असं सांगतात. मी अजून टँकवर जाते. खोल पाण्यावर आले, तळ निळा होऊन दूर गेला, की दर वेळी माझ्या छातीत धस्स होतं. पोहायला आल्यावर भीती जाते असं मला सगळे म्हणाले होते. ती गेली नाही. इतके दिवस आम्ही दोघींनी ती मिळून धरली होती, आता ती सगळी माझ्या एकटीच्या हातात आली आहे, एवढंच.