लेबल न लावलेल्या चार डिस्क

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आमच्या ह्यांच्या कानावरही घातली नाही — आणि ह्यांच्या कानावर मी घालायचं काय बाकी ठेवलं होतं? दूधवाला कुठल्या नळाचं पाणी घालतो इथपासून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे केस खरे किती आणि गंगावन किती, इथपर्यंत सगळं. एवढं मात्र नाही. ते गेले, आणि मी तशीच बसून राहिले तोंडात मिठाची गुळणी धरून.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. आता त्र्याहत्तरची आहे, त्यामुळे त्या बाईला मी खुशाल 'ती पोरगी' म्हणू शकते. ती पोरगी मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहायची, एका छापखान्याची लग्नपत्रिकांची पाकिटं घरी चिकटवून द्यायची, आणि स्वतःला भयंकर हुशार समजायची. माणूस ओळखायची तिची एक रीत होती. बशीत ओतून चहा पितो तो भोळा. कपातून पितो तो ठीक. आणि जो चहाच नको म्हणतो, त्याच्यावर नजर ठेवावी.

नितीन चहा नको म्हणायचा.

नितीन म्हणजे माझ्या मुलाच्या, मंदारच्या, बँडमधला ड्रमवाला. तिघांचा बँड. मंदार गिटार वाजवणार, मुग्धा गाणार, नितीन बडवणार. आधी गच्चीवर सराव करायचे. आठवड्याभरात सोसायटीने 'गच्ची बंद' अशी पाटी लावली, तर ह्या कार्ट्यांनी तेच बँडचं नाव ठेवलं. मग ड्रम आले आमच्या हॉलमध्ये, सोफा गेला भिंतीला, आणि मी स्वयंपाकघरात बसून दर रविवारी नितीनच्या चपला न्याहाळायला लागले. चपला साध्याच होत्या. पण इतक्या साध्या का?

पवईला एका कॉलेजचा मोठा महोत्सव असायचा. तिथे वाजवायला मिळायचं तर आधी आपल्या गाण्यांची सीडी नेऊन द्यायची. मंदारने दोन वर्षं तेवढ्या एका गोष्टीचा ध्यास घेतला होता. तीन गाणी तयार झाली. ठरलं असं की घरच्या कॉम्प्युटरवरच शंभर सीडी भरायच्या — एक पवईला, बाकीच्या ओळखीपाळखीत. कव्हरं मी करणार. आणि कोऱ्या डिस्क नितीन आणणार, कारण तो घाटकोपरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता.

त्याने शंभराचा गोल डबा आणला. मधल्या दांड्यावर भाकऱ्यांची चळत रचावी तशा डिस्क, वरून पांढऱ्या, खालून आरशासारख्या. डब्यावर कंपनीचं नाव नाही. झालं. मला तेवढं पुरे होतं.

नितीन राहायचा देवनारला. देवनार म्हणजे — हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते — कचऱ्याच्या डंपिंगची बाजू. तिथे काय काय येऊन पडतं, कोण काय वेचून विकतं, हे सगळं मला तिकडे एकदाही न जाता ठाऊक होतं. कुणी बघत नाहीसं पाहून मी एक डिस्क काढली आणि वास घेतला. हापूस घेताना घेतात तसा, देठापाशी. डिस्कला कसला वास येणार? प्लास्टिकचा आला. तोही मला संशयास्पदच वाटला.

आणखी एक. मंदार डिस्क भरून द्यायचा, की नितीन ती प्लेअरमध्ये घालून तिन्ही गाणी थोडी थोडी वाजवून बघायचा, मगच माझ्या टोपलीत ठेवायचा. शंभरच्या शंभर. मी मनात म्हटलं, माल चोख असेल तर एवढं तपासतो कशाला? आहे की नाही कमाल? न तपासता दिल्या असत्या तर म्हटलं असतं, बघा, तपासतसुद्धा नाही.

कव्हरं मात्र झकास केली मी. पत्रिकांचा उरलेला जाड मरून कागद होता, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. काहींच्या कोपऱ्यात गणपतीही होता, मुग्धा म्हणाली, "काकू, असू दे, आमचं लग्न लागतंय असं समजतील लोक." (ते पुढे लागलंही — मंदारशी. पण त्याकडे येते.) प्रश्न उरला डिस्कच्या पाठीचा. नितीन म्हणाला, तो मार्करने प्रत्येकीवर नाव टाकेल. मला ते शाळेच्या डब्यावर नाव टाकल्यासारखं वाटलं. मी ठरवलं, ह्याच कागदाची गोल लेबलं कापायची आणि डिस्कवर खळीने चिकटवायची.

खळ म्हणजे मैद्याची, शिजवलेली. त्यात मी चिमूटभर मोरचूद घालायचे, झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून. माझ्या खळीचं पाकीट दहा वर्षं उघडायचं नाही, असं छापखान्यात म्हणायचे. फार अभिमान होता मला तिचा.

नितीन पाणी प्यायला आत आला तेव्हा मी वाटीत खळ घोटत होते. तो थबकला. म्हणाला, "काकू, डिस्कला ओलं काही लावू नका हां. वरचा थर एकदम पातळ असतो. नुसतं कव्हर पुरे." हळू म्हणाला, मोठ्या माणसाला चुकतंय कसं सांगावं अशा बेताने. दुसरं कुणी तिथे नव्हतं.

आणि त्या पोरगीच्या डोक्यात काय आलं असेल? — वरचा थर ह्याला इतका जपायचाय, म्हणजे खाली नक्कीच काहीतरी लपलंय.

मी "बरं" म्हटलं आणि तो गेल्यावर शहाण्णव डिस्कना लेबलं लावली. चार राहिल्या, कारण कागद संपला.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, एका लेबलाची कड उचललेली दिसली. मी नखाने ओढली. कागदाबरोबर डिस्कची चमकही निघून आली, आणि खाली उरलं नुसतं काचेसारखं प्लास्टिक. आरपार. माझी बोटं दिसत होती त्यातून. दुसरी बघितली. तीही तशीच. तिसरी मी बघितली नाही. तुम्ही बघितली असती?

मला कळलं होतं. 'कदाचित', 'तसं वाटलं' असं काही नाही — स्वच्छ कळलं होतं. मंदार बाजूच्या खोलीत होता. पवईला द्यायचा शेवटचा दिवस सोमवार, म्हणजे अख्खी संध्याकाळ हातात होती. "मंदार, घोळ झाला रे" एवढंच म्हणायचं होतं. पण मग नितीनने सांगितलं होतं हेही सांगावं लागलं असतं. त्या नितीनने — चहा न पिणाऱ्या. मी कडा पुन्हा खळ लावून दाबल्या, शहाण्णवही डिस्क कव्हरांत घातल्या आणि कव्हरं चिकटवून बंद केली. राहिलेल्या चार पिठाच्या डब्यामागे ठेवल्या.

सोमवारी तिघं पवईहून परत आले. तिथल्या पोरांनी ह्यांच्यासमोरच सीडी लावली होती. खरखर, मग टकटक, मग काही नाही. जास्तीची नेलेली लावली, तेच. मग ते म्हणाले, पुढचे कोण आहेत?

मंदारने हॉलमध्ये एक लेबल ओढलं. चांदी निघून आली. "नित्या, हा माल कुठून उचललास तू?"

"दुकानातूनच आणला ना. रोज ह्याच विकतो आम्ही."

"हे बघ, मुलामा सुटतोय. डुप्लिकेट आहे."

"अरे, प्रत्येक वाजवून बघितली मी. तुझ्यासमोर बघितली, यार."

मंदारने हातातली डिस्क खाली ठेवली, कारण ते खरं होतं. तिथे ते थांबलं असतं. पण ती पोरगी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "असल्या डिस्क दोन दिवस वाजतात आणि मग बसतात, असं छापखान्यातले सांगत होते." छापखान्यातल्या कुणालाही डिस्कमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कुणी काही सांगितलं नव्हतं. मी ते उभ्या उभ्या रचलं.

मग नितीनने माझ्याकडे बघितलं. 'काकू, मी तुम्हाला सांगितलं होतं' — एवढं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. म्हणाला, "काकू, लेबल न लावलेली एखादी राहिली असेल ना? ती लावून बघू."

बघितलंत? त्याने दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी. मला फक्त आत हात घालायचा होता, पिठाच्या डब्यामागे.

"नाही रे," मी म्हटलं. "सगळ्यांना लावली."

तो आणखी क्षणभर बघत राहिला. त्याला कळलं होतं का? मला एकवीस वर्षं हा संशय आहे की कळलं होतं. पुढच्या रविवारी तो ड्रम न्यायला आला. तीन खेपा केल्या, चार मजले. मंदार खोलीतून बाहेर आला नाही. मी दार धरून उभी होते. तिसऱ्या खेपेला तो "येतो काकू" म्हणाला, आणि पुन्हा कधी आला नाही.

त्या चार डिस्क पुढे मी खिडकीच्या ग्रिलला टांगल्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. मंदार त्यांच्याखाली बसून पेपर वाचायचा. एकदाही त्याला वाटलं नाही की ह्या आल्या कुठून. बँड संपलाच होता. त्यातली एक जरी त्याने प्लेअरमध्ये घातली असती तर तिन्ही गाणी वाजली असती, ह्याबद्दल माझ्या मनात कणभर शंका नाही.

दोन वर्षांनी मंदार-मुग्धाचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थात मीच पाकिटांत भरल्या. मंदारच्या यादीत शेवटी, शाईचा रंग वेगळा, नितीनचं नाव होतं. खूप दिवस विचार करून लिहिलं असावं त्याने. मी ते पाकीट केलं, पत्ता घातला. मग वाटलं, आला आणि चारचौघांत बोलला तर? ते एक पाकीट मी पोस्टात टाकलं नाही.

इतका वेळ मी त्या बावन्न वर्षांच्या बाईची मजेत टिंगल करते आहे. तिच्या चहाच्या रीतीवर हसा, डिस्क हुंगण्यावर हसा, माझी हरकत नाही. पण गेल्या महिन्यातलं सांगते. नातीने गिटारचा क्लास लावला, म्हणून मंदार तिला बँडच्या गोष्टी सांगत होता. गच्चीची पाटी, मरून कव्हरं, आणि एका मित्राने आणलेल्या बोगस डिस्क. नात पोट धरून हसली. मीही हसले. मग मंदार हसता हसता थांबला आणि म्हणाला, "मी चिडलो होतो खरा. पण लग्नालासुद्धा आला नाही तो. एवढं काय मनात धरायचं?" आणि माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "त्याला पत्रिका गेली होती ना गं, आई?"

मी म्हटलं, "हो."